आठाचे सहा

कोळवणला आमच्या दारात तांदूळ घ्यायला फार्महाऊसवाली माणसं येतात. त्यांना आधी सांगायचा भाव वेगळा आणि शेवटी द्यायचा वेगळा, हे मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकले. ते घासाघीस करणार हे आपल्याला ठाऊक, आपण वाढवून सांगितलंय हे त्यांना ठाऊक. कुणाचं काही बिघडत नाही. पण त्या सवयीनं माझा स्वभावच असा झाला, की कुणी काही सांगितलं की त्यातलं थोडं मी मनातल्या मनात काढूनच टाकते.

मुलगी नऊ वर्षांची असताना तिच्या नडग्या दुखायला लागल्या. आधी वाटलं, वाढतं वय आहे. मग माझ्या लक्षात आलं, की सोमवारी सकाळी जास्त दुखतं आणि मामा आला की कमी. मी पाळत ठेवली. अंगणात ती लंगडायची. मी घरात जाऊन खिडकीच्या आडून बघायचे, तर तेव्हाही लंगडायची. तरी मला वाटायचं, हिला मी खिडकीत दिसत असणार.

पुण्याच्या डॉक्टरांनी तिला मोठ्या मशीनमध्ये घालून तपासलं. हाडाला आतून सूज येते, जंतू नाहीत, हे येत-जात राहणार, असं सांगितलं. जंतू नाहीत तर सूज कशानं, हे मी तीनदा विचारलं. नेमकं कारण सांगता येत नाही म्हणाले, तेव्हा त्यांच्यावरही माझा विश्वास राहिला नाही. घरी करायचं ते त्यांनी समजावलं. जेवल्यावर गोळी, झेपेल तेवढं चालणं, आणि रोज संध्याकाळी वहीत दुखणं लिहायचं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन न होणारं. आकडा मुलीनं सांगायचा, मी फक्त लिहायचा. औषध त्यावरूनच ठरणार होतं.

पहिल्या दिवशी ती आठ म्हणाली. तासाभरापूर्वी हीच पोर मांजराशी खेळत बसली होती. मी सहा लिहिले. दुसऱ्या दिवशी सात म्हणाली, मी पाच लिहिले. आपण खोटं लिहितोय असं मला एकदाही वाटलं नाही. उलट, खरा आकडा मलाच कळतोय असं वाटायचं.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी वही चाळली आणि औषध लागू पडतंय, हेच चालू ठेवू, असं म्हणाले. मुलगी शेजारीच बसली होती. तिनंही वहीत डोकावून बघितलं.

त्या दिवसापासून ती रोज दहा सांगायला लागली. माझं डोकं फिरलं. दहा म्हणजे काय ते कळतं का तुला, म्हणून मी तिला झापलं. पोरगी नाटकं करतेय, असं नवऱ्याला सांगितलं. तो नुसता तिच्या पायांकडे बघत राहिला. मी चार काढून सहाच लिहीत राहिले.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी सरळ तिलाच विचारलं. ती दहा म्हणाली. त्यांनी वही बघितली, मग तिच्याकडे बघितलं. माझ्या नजरेत असायचा तोच संशय आता त्यांच्या नजरेत आला. तिनं मान खाली घातली.

"आई कमी लिवती," ती म्हणाली. "आठ सांगितलं की सहा लिवती. म्हणून मी दहा सांगाया लागले. मग तिनं अजूनच कमी केलं. दहाच्या वर आकडाच न्हाई."

मी कबूल केलं. डॉक्टर रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिची नडगी हलकेच दाबली, तशी तिनं खुर्चीचा हात गच्च धरला. खरं किती, असं त्यांनी हळू विचारल्यावर आठ म्हणाली. त्यांनी औषध बदललं. हे मागच्या खेपेलाच बदलायला हवं होतं, एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर संध्याकाळी मी नवी वही काढली. आता तूच लिही म्हणून पेन तिच्यापुढे धरलं. तिनं ते घेतलं नाही. मग मीच विचारलं, आज किती?

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तांदूळ घ्यायला आलेल्यांकडे बघते, तसं.

"तू किती लिवणार, ते आदी सांग," ती म्हणाली.