गरम माल आत घेऊ नये

शीतगृहातली यंत्रं सांभाळणाऱ्यांत ती एकटीच बाई. दोन वर्षं भांडून तिने पहिली पाळी मिळवली होती. सहाला हजेरी, म्हणून पाच वीसला घर सोडायचं. लेकीचा डबा त्या घाईत व्हायचा नाही, म्हणून तो रविवारीच व्हायचा. काळे डाग पडलेली केळी कुस्करून, सफरचंद किसून, गव्हाच्या पिठाचे चोवीस मफिन ती भाजायची आणि फ्रीजरमध्ये ठेवायची. सकाळी त्यातले दोन गोठलेले डब्यात. मधल्या सुट्टीपर्यंत ते आपोआप मऊ व्हायचे.

सोमवारी शाळेतून चिठ्ठी आली. वरच्या मजल्यावर राहणारी नणंद भाचीला शाळेतून आणायची, त्यामुळे चिठ्ठी आधी तिच्याच हाती पडली.

"वाच," नणंद म्हणाली. "मी बोलले की झोंबतं. आता बाईंनीच लिहिलंय. 'पदार्थ ओलसर व शिळा होता, कृपया ताजा डबा द्यावा.' लेकरू बर्फ खातंय आणि आई बर्फाची राखण करतेय! सोड ती पाळी, दुपारची घे."

"पाळी सोडणार नाही, ताई."

"मग डबा कोण करणार?"

तिने फ्रीजरमधली पिशवी काढून उजेडात धरली. आत भुरभुरीत बर्फ जमला होता, मफिनची बुडं चिकट झाली होती. तिने कपाळावर हात मारला.

शीतगृहाच्या दारावर लाल रंगात तिनेच रंगवलं होतं: गरम माल आत घेऊ नये. गरम मालाची वाफ होते, वाफेचा बर्फ आणि बर्फाचं पाणी. मागच्याच महिन्यात तिने अख्खा ट्रक दारातून परत पाठवला होता, ड्रायव्हरने आकाशपाताळ एक केलं तरी! आणि घरी? रविवारी जिन्यावर नणंदेची पावलं वाजली, तेव्हा बोलणी नकोत म्हणून तिने वाफाळते मफिन तसेच पिशवीत कोंबून आत ढकलले होते.

"चूक माझीच," ती म्हणाली. "पण शिळे नव्हते, ताई. तुमच्यापासून लपवायला गेले आणि गरमच भरले."

"माझ्यापासून? मी काय वाघ आहे?"

"आत्या, तू पहिल्या पायरीपासूनच ओरडत येतेस," लेक म्हणाली.

पुढच्या रविवारी तिने घराचं दार सताड उघडं ठेवलं आणि भाजलेले चोवीसच्या चोवीस मफिन टेबलाच्या मधोमध जाळीवर मांडले. नणंद आलीच.

"अगं, झाकून तरी ठेव. येणारी-जाणारी बघतात."

"बघू देत. दोन तास उघडेच राहणार."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तोवर गार होतील."

नणंद फणकारली, पण खुर्ची ओढून बसली. दोन तासांनी बुडाला हात लावून बघायला तिनेच सुरुवात केली.

सोमवारी शाळेच्या चिठ्ठीच्या पाठीवर उत्तर गेलं: "मफिन रविवारी भाजले, गार करून गोठवले. मागच्या वेळी गरम भरले, ती चूक माझी. यापुढेही हेच येतील. डब्यात तिसरा आपल्यासाठी आहे. खाऊन मग शिळा म्हणावं."

तीन वाजता ती घरी आली, तर नणंद रिकामा डबा घेऊन दारातच उभी.

"बाई काय म्हणाल्या गं?" तिने आत येत लेकीला विचारलं.

"काहीच नाही. तोंड भरलेलं होतं."

नणंदेने हसू दाबलं. "तरी पण, ताजं ते ताजंच हो."

"हो ताई," ती म्हणाली आणि गणवेश खुंटीला अडकवून तिने सकाळचा गजर लावला. चार पन्नासचा.