कोपराखाली चार बोटं

शोरूममध्ये तिला सगळे वहिनी म्हणायचे. कारण तिचा दीर. तो तिथं फर्निचर बसवणारा कारागीर म्हणून आधीपासून होता. ती पहिल्या दिवशी कामावर आली तेव्हा त्यानं शिडीवरूनच हाक मारली, "या वहिनी, या!" आणि ती हाक सगळ्यांनीच उचलली. साहेबांपासून झाडलोट करणाऱ्या बाईपर्यंत ती सगळ्यांची वहिनी झाली.

त्याआधी ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. दुकान बंद पडलं. नवऱ्याचा छापखाना धापा टाकत होता, लेक कॉलेजात होती. तेव्हा दीर म्हणाला होता, "आमच्याकडे माणसं हवीत. पण आधीच सांगतो, पगार नाही. लोकांच्या घरी जायचं, मापं घ्यायची, स्वयंपाकघराचं डिझाइन काढून दाखवायचं. ऑर्डर मिळाली तर कमिशन. नाही मिळाली तर हात हलवत घरी."

"आणि पेट्रोल?"

"तुमचं तुम्ही."

"चहा तरी?"

"गिऱ्हाइकाकडचा. दिला तर!"

ती हसली आणि कामाला लागली.

शोरूममधली स्वयंपाकघरं चकचकीत होती. तिथं कधी दूध उतू गेलेलं नव्हतं की फोडणी करपलेली नव्हती. खरं काम लोकांच्या घरांत होतं, आणि तिथं पाऊल टाकल्यापासून वहिनी चकित व्हायची ती होतच राहिली. जी माणसं सख्ख्या शेजाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, ती हिच्यासमोर सगळी कपाटं सताड उघडत. एका बाईंनी वरच्या फळीवर, डाळींच्या डब्यांमागे, गेलेल्या नवऱ्याचे बूट ठेवले होते, पॉलिश केलेले. एका घरात दोन जावांचे मिठाचे दोन डबे एकाच फळीवर होते आणि मधे चिकटपट्टीची सरहद्द. "अहो, माणसं कशीकशी जगतात!" ती नवऱ्याला जेवताना सांगायची. "आपल्याला बाहेरून नुसत्या खिडक्या दिसतात."

पण चकित होऊन चूल पेटत नाही. एका बंगल्याच्या कामात तिनं अख्खा उन्हाळा घातला. नवराबायको दोघं हौशी. कधी दगड बदलायचा, कधी रंग, कधी खिडकीच ओट्याच्या या टोकाकडून त्या टोकाला. वहिनी प्रत्येक वेळी नवं चित्र घेऊन हजर. अखेर सह्यांचा दिवस ठरला आणि त्या दिवशी बाईंचा फोन आला, "आम्ही वेगळे होतोय. स्वयंपाकघर नको." वहिनीला रागवावं की रडावं ते कळेना. बाईंना चार धीराचे शब्द सांगून तिनं फोन ठेवला आणि स्कूटरवर नुसतीच बसून राहिली. शोरूममधल्या, महिन्याच्या ऑर्डरी लिहायच्या फळ्यावर तिच्या नावापुढची जागा त्याही वेळी कोरीच राहिली.

त्यानंतरचे दिवस खडखडाटाचेच गेले. लोक मापं घेऊ देत, चहा देत, "घरात बोलून कळवतो" म्हणत आणि गप्प बसत. नवरा एकदा हळूच म्हणाला, "जमत नसेल तर सोडून दे, कोणी काही म्हणणार नाही." तिलाही तसंच वाटू लागलं होतं. तेवढ्यात शोरूमचा फोन वाजला.

"नमस्कार. मला स्वयंपाकघर करून घ्यायचं आहे," पलीकडचा आवाज म्हणाला.

वहिनीच्या अंगावर काटा आला. भरदार, संथ, एकेक शब्द धुऊन-पुसून मांडल्यासारखा हा आवाज तिनं आयुष्यभर ऐकला होता. सकाळच्या रेडिओवरच्या बातम्यांचा आवाज! शाळेत असताना वेण्या घालून घेताना ऐकलेला, लग्नानंतर डबे भरताना ऐकलेला. कुठं पूर आला, कुणाचं सरकार पडलं, सगळं या आवाजानंच तिला सांगितलं होतं.

"तुम्ही... बातम्या?" तिला वाक्य पुरं करता येईना.

"वाचत होतो. आता निवृत्त आहे. उद्या याल?"

ती ठरल्या वेळेआधीच पोचली. मनात त्या आवाजाचं एक चित्र होतं: उंचापुरा, रुंद खांद्यांचा माणूस. दार उघडलं आणि समोर कोणीच नाही. मग खालून तोच आवाज आला, "या, आत या."

साठी उलटलेले निवेदक उंचीनं पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढे होते. डोकं दाराच्या कडीपर्यंतसुद्धा पोचत नव्हतं. पांढरा शुभ्र सदरा, नीट विंचरलेले केस. वहिनी गोरीमोरी झाली. तिची नजर क्षणभर भलत्याच उंचीवर अडकली होती आणि ते त्यांना दिसलं होतं.

"सगळ्यांचं असंच होतं," ते सहज म्हणाले. "आवाज माझ्यापेक्षा उंच आहे. काय करणार?"

घरात जिकडेतिकडे स्टुलं होती. दिव्याच्या बटणाखाली एक, खिडकीच्या कडीपाशी एक, बेसिनजवळ एक, ओट्याजवळ दोन. आई होती तोवर वरचं सगळं आई काढून द्यायची. आई गेली आणि स्टुलं आली. मागच्या हिवाळ्यात उकळत्या पाण्याचं पातेलं हातात असताना एक स्टूल कलंडलं. त्यांनी बाही वर करून भाजल्याची खूण दाखवली. "थोडक्यात वाचलो. तेव्हाच ठरवलं, उरलेले दिवस जमिनीवर उभं राहून स्वयंपाक करायचा."

वहिनीनं टेप काढला आणि सवयीनं भिंत मोजायला निघाली. मग थबकली. आजवर तिनं शेकडो भिंती मोजल्या होत्या, माणूस एकही मोजला नव्हता. कसं विचारावं?

"भाऊ... रागावणार नसाल तर... तुमचंच माप घेऊ का आधी?"

ते खो खो हसले. "शिंप्यानंतर विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या! घ्या."

"ओटा कोपराच्या खाली चार बोटं असावा," ती गुडघ्यांवर बसत म्हणाली. "मग चिरताना खांदे चढत नाहीत, पाठ वाकत नाही. आता असं करा, समोर ओटा आहे असं समजा आणि भाजी करा."

"भांड्यांशिवाय?"

"तुम्ही नुसतं करा. मी बघते."

आणि रिकाम्या भिंतीसमोर उभं राहून निवेदक हवेत कांदा चिरू लागले. सुरुवातीला लाजत लाजत, मग रंगून. चिरलेला कांदा हातानं सारला, कढई ठेवली, डब्यातून चिमूटभर मीठ घेतलं, वाफ चेहऱ्यावर आली म्हणून मान वळवली. वहिनी खडूनं भिंतीवर खुणा करत गेली. इथं सुरी. इथं कढई. इथवर हात पोचतो. त्यांचं आटोपलं तेव्हा भिंतीवर एक अख्खं स्वयंपाकघर उमटलं होतं, आजवर कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसलेलं. ती आ वासून बघत राहिली. हे सगळं या माणसाच्या हातात होतंच, फक्त घरात त्याला जागा नव्हती.

तिच्या मनात आलं, जगातली प्रत्येक कडी, प्रत्येक बटण, प्रत्येक पायरी कुणीतरी कुणाच्या तरी मापानं ठरवली आहे. आणि इतकी वर्षं आपल्याला त्याचा पत्ताच नाही!

साहेबांनी चित्र पाहून कपाळाला हात लावला. "वहिनी, एवढ्या उंचीचं आपण करत नाही. उद्या त्यांनी नको म्हटलं तर हा माल कुणाच्या गळ्यात मारू?"

"ते नको म्हणणार नाहीत."

"आणि म्हटलं तर?"

"तर माझ्या पुढच्या कमिशनमधून कापा." बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, पुढचं कमिशन कुठून येणार याचाच पत्ता नव्हता. साहेबांनी पेन काढलं आणि सही केली.

माल आला. दिरानं खोकी फोडली, ओट्याखालची पहिली पेटी भिंतीशी उभी केली आणि टेप लावला. "वहिनी, हे तर नेहमीच्याच मापाचं आहे."

तिनं कारखान्याला फोन लावला. लाकूड कापणारा मिस्त्री म्हणाला, "हो हो, तुमच्या कागदावर चूक होती ना! ओट्याची उंची भलतीच कमी लिहिलेली. मी दुरुस्त केली. आभार नंतर माना."

तिनं निवेदकांकडे पाहिलं. ते त्या पेटीसमोर उभे होते. पेटीची कड त्यांच्या छातीच्या वर आली होती.

"आयुष्यभर हेच चाललंय," ते शांतपणे म्हणाले. "लोक मला चूक समजून दुरुस्त करतात. द्या तो फोन इकडे."

त्यांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि त्या जुन्या, सकाळच्या आवाजात सुरू झाले: "नमस्कार. ठळक बातम्या. एका ओट्याची उंची आज पुन्हा मूळ मापावर आणण्यात आली. हे माप चुकून नव्हे, तर पूर्ण विचारांती लिहिलं गेल्याचं अधिकृतरीत्या स्पष्ट करण्यात आलं आहे. आता मापं सविस्तर..." आणि पेटीमागून पेटी, फळीमागून फळी, त्यांनी सगळा कागद वाचून काढला. एक अक्षर अडखळलं नाही.

फोनच्या पलीकडे यंत्रं बंद होत गेली. एक, मग दुसरं. मिस्त्रीनं फोनचा आवाज वाढवला असावा, कारण लांबून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर बातम्यांचा आवाज!" वाचन संपलं. मग मिस्त्री हळूच म्हणाला, "साहेब, माझे वडील तुमच्या आवाजावर घड्याळ लावायचे. तुम्ही... तुमच्यासाठी आहे होय हे?"

"माझ्यासाठीच."

"मी स्वतः कापतो. स्वतः घेऊन येतो."

आणि खरंच तो स्वतः टेम्पोतून आला, इस्त्रीचा शर्ट घालून. दिरानं आणि त्यानं मिळून ओटा बसवला. संध्याकाळच्या आत काम झालं. निवेदक पुढं झाले. तळवा दगडावर टेकवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता फिरवत नेला. कोपर खाली सैल सुटलेलं, खांदे जागच्या जागी. ज्या माणसानं पूर आणि लढाया सविस्तर सांगितल्या, त्याला आज दोनच शब्द पुरले.

"बरोबर आहे," एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी एक कांदा घेतला आणि चिरायला लागले. खराखुरा. तिघंही भिंतीला टेकून, कुणी कुणाकडे न बघता, तो कांदा चिरून होईपर्यंत उभी राहिली. दिरानं आयुष्यात किती ओटे बसवले असतील, पण जिना उतरून खाली आल्यावर म्हणाला, "वहिनी, मला वाटायचं आपण लाकूड बसवतो."

यातून तिचं नशीब फळफळलं वगैरे काही नाही. कमिशन मिळालं, साहेबांचा चेहरा सैलावला, आणि पुढं परत कोरडे आठवडे आलेच. पण नोकरी सोडायचं पुन्हा तिच्या मनात आलं नाही. आता ती घरात शिरल्यावर आधी विचारायची, "स्वयंपाक कोण करतं?" आणि भिंतीच्या आधी त्या माणसाकडे बघायची.

अशीच एका घरी गेली. मुलगा हिशेबी, तीन ठिकाणांहून दर मागवलेले. शेवटी ऑर्डर त्यानं दुसऱ्यालाच दिली, ती गोष्ट वेगळी. त्याची आई ओट्याशी वाकून भांडी विसळत होती. पाठीला चांगलंच पोक आलेलं. "वयच झालं आता," आजी म्हणाल्या. "कंबर तर लग्न झाल्यापासूनच दुखते."

वहिनीनं ओट्यावर दोन रिकामी खोकी ठेवली, त्यावर पोळपाटासारखी एक फळी टाकली. "आजी, जरा इथं हात ठेवून बघा."

आजींनी हात ठेवले. मग हळूहळू, जणू अंगातली एकेक गाठ सुटत होती, त्या सरळ होत गेल्या. खांदे मागं गेले, मान वर आली. दारात उभा असलेला मुलगा फोनवर बोलता बोलता थांबला. त्याला मान वर करून बघावं लागत होतं.

"आई," तो म्हणाला, "तू एवढी उंच आहेस?"