पंकजम गाडीत का बसली नाही

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घर मोठं असावं, दार दिवसभर उघडं असावं आणि घरातल्या एका माणसाला काय चाललंय ते धड कळत नसावं, एवढं पुरतं. आमच्याकडे तिन्ही आहे. न कळणारं माणूस म्हणजे मी.

मी साताऱ्याची. लग्न होऊन तंजावरला आले, त्याला अकरा वर्षं झाली. नवरा रघुनाथ बँकेत आहे, राहायला आम्ही राजवाड्यामागच्या गल्लीत. ही मंडळी पिढ्यान् पिढ्या इथली. घरात जुनं, तमिळ मिसळलेलं मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ. मला येते ती देवनागरी यांना वाचता येत नाही आणि यांना येतं ते तमिळ मला वाचता येत नाही. लग्नाची पत्रिका दोनदा छापावी लागली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

रघूनं लग्नाआधी सगळं सांगितलं होतं, एक सोडून. पापनाशमजवळ पाटाच्या काठी आमचं शेतावरचं घर आहे, भातशेती आहे, तिथे त्याची कृष्णाआत्या एकटी राहते, हे सांगितलं. ते घर एका फार लाडक्या तमिळ कादंबरीतलं आहे, ती त्याच्या थोरल्या काकांनी लिहिली आणि दर रविवारी वाचक हातात पुस्तक घेऊन दारात उभे राहतात, हे मात्र साहेब विसरले. काका मी यायच्या आधीच वारले होते. बारक्या रविवारी दहा माणसं, सुट्टीत पन्नास.

मी विचारलं, "तू वाचलीस?" तर म्हणे शाळेत त्यातला एक धडा होता, तेवढी. घरचीच तर आहे, केव्हाही वाचता येईल.

*

शनिवार-रविवारी आम्ही शेतावरच्या घरी जातो. माझा तिथला पहिला रविवार. आत्या मळ्यात गेली होती, रघू झोपला होता. मदुराईचं एक निवृत्त शिक्षक जोडपं आलं. बाईंनी मला हात जोडले आणि हळूच विचारलं, पंकजमनं पत्र कुठे लपवलं होतं, ती जागा दाखवाल का?

पंकजम कोण, हे मला माहीत नव्हतं. आधी वाटलं आमची मोलकरीण असेल. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पाहुण्याला नाही म्हणायची आमच्या माहेरी पद्धत नाही. मी समोर दिसली ती तांदळाची कोठी दाखवली. बाईंनी कोठीवर डोकं टेकवलं. नवऱ्यानं फोटो काढला.

मग कळलं की पंकजम ही कादंबरीची नायिका आणि पत्र तिनं कोठीत लपवलेलंच नाही. मी आठवडाभर मनातल्या मनात माफी मागत होते. पुढच्या रविवारी कुंभकोणमहून एक व्हॅन आली. बारा जण उतरले आणि आल्या आल्या म्हणाले, आधी तांदळाची कोठी दाखवा.

*

कादंबरीत पाटावर उतरायला सात पायऱ्या आहेत. आमच्या घराला पाच.

कॉलेजची मुलं आली होती. त्यांचे सर काठावर उभे राहून म्हणाले की थोर लेखक आकडा चुकवत नसतो, उरलेल्या दोन पाण्याखाली असणार. एका मुलानं पँट दुमडली आणि पायानं चाचपलं. "सर, सहावी लागली!" टाळ्या. सातवी शोधताना तो कमरेपर्यंत चिखलात रुतला आणि त्याला आमच्या गड्यानं दोर लावून वर ओढलं. सहावी म्हणजे आमचा मागच्या वर्षी हरवलेला कपडे धुवायचा दगड होता.

सर काही हार मानेनात. ते आत्याला विचारायला स्वयंपाकघराच्या दारात गेले. आत्या ऐंशीच्या पुढची, लग्न केलेलं नाही, जन्मापासून याच घरात. तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? ती विळीवरून न उठता तमिळमध्ये म्हणाली, "पाचच होत्या. पण सात वाचायला बऱ्या वाटतात."

सरांनी हे वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय.

*

काकांचं टेबल हा आमच्याकडचा मोठा मान. खिडकीपाशी आहे, वर काकांचा हार घातलेला फोटो. लोक त्या टेबलाला हात लावून कपाळाला लावतात. परीक्षा जवळ आली की आया पोरांची पेनं त्यावर ठेवून घेतात.

ते टेबल रघूचं आहे. त्याच्या दहावीला घेतलेलं. खाली त्यानं कर्कटकानं कोरलेलं एका क्रिकेटपटूचं नावसुद्धा आहे. त्यानं एकदा खरं सांगून पाहिलं, तर एक गृहस्थ त्याच्यावर रागावले. म्हणाले, घरच्यांनाच किंमत नसते.

मग खरं टेबल कुठंय, म्हणून मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, दादाला, म्हणजे काकांना, टेबल नव्हतंच, तो झोपाळ्यावर बसून पेपर वाचायचा. मी म्हटलं, मग लिहायचा कुठे? तर तिला एकदम दुधाची आठवण झाली आणि ती आत गेली.

त्याच महिन्यात काकांच्या कचेरीतले एक सहकारी आले. नव्वदीचे, काठी टेकत. सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. ते हसत हसत सांगत होते की तालुका कचेरीत आम्ही वीस वर्षं शेजारी बसलो, पण या माणसानं साधा अर्ज कधी जागेवर लिहिला नाही. घरी घेऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी असा सुंदर लिहून आणायचा की साहेब दोनदा वाचायचा. ऐकणारे माना डोलवत म्हणाले, प्रतिभेला एकांत लागतो. मीही डोलवली. सगळे डोलवतात तेव्हा मी डोलवते, असं माझं इथलं धोरण आहे.

*

पुस्तकाबद्दल एक गोष्ट मला पहिल्या वर्षापासून छळत होती.

अकरा वर्षं पाहुण्यांच्या प्रश्नांवरून मी गोष्ट जुळवत आणली होती. पंकजम या घरातली हुशार मुलगी. तिला मद्रासला शिकायला जायचंय. घरचे नाही म्हणतात. शेवटी ती पहाटे गाठोडं घेऊन पाटाच्या कडेनं पापनाशम स्टेशनवर जाते. गाडी येते, थांबते, सुटते. आणि पंकजम फलाटावरच! मग ती त्याच वाटेनं घरी परत येते. पुस्तक संपलं.

का आली परत? मी प्रत्येकाला विचारायचे. मदुराईच्या बाई म्हणाल्या, आईचा खोकला आठवला. एक वकील म्हणाले, मातीची ओढ. चेन्नईच्या बायकांची एक सहल आली होती, त्यांच्यात यावरून दोन तट पडले. अर्ध्या म्हणाल्या ती घाबरली, अर्ध्या म्हणाल्या तिनं त्याग केला. परतीच्या बसमध्ये त्या वेगवेगळ्या बाजूंना बसल्या. काही लोक तर इथून थेट स्टेशनवर जातात आणि पंकजमचा फलाट कुठला म्हणून विचारतात. तिथल्या तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस आता मान वर न करता म्हणतो, "दोन नंबर."

मला का एवढं पडलं होतं, तेही सांगून टाकते. लग्नाच्या पहिल्या वर्षी मीही बॅग भरून तंजावर स्टेशनवर गेले होते. भांडण काही नव्हतं. दिवसभर कुणाचं बोलणं पुरतं कळायचं नाही, जेवण आंबट लागायचं, पाऊस आला की सातारा आठवायचा. चेन्नईचं तिकीट हातात होतं. गाडी आली, मी चढले नाही, रिक्षा करून घरी आले आणि कुकर लावला. रघूला आजही माहीत नाही. का आले परत, ते मलाच कळलेलं नाही. त्यामुळे पंकजमला तरी माहीत असावं, असं मला फार वाटायचं.

*

आत्याच्या हातची डांगर पचडी म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. पाहुण्यांना ती केळीच्या पानावर चमचाभर देते. तिरुचीच्या एक डॉक्टरीणबाई खाता खाता थांबल्या. म्हणाल्या, चौथ्या प्रकरणात हीच चव आहे. पीठ किती भाजायचं, दही कधी घालायचं, कालवून झाल्यावर बोटांना किती वेळ वास राहतो, सगळं लिहिलंय. मग त्यांनी आत्याला विचारलं, एका पुरुषाला हे कसं कळलं असेल?

आत्या म्हणाली, "पुरुष जेवतात की."

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. आता आठवलं की लाज वाटते.

*

आणखी एक गोष्ट मला उलगडत नव्हती. या घरात त्या पुस्तकाची एकही प्रत नाही. लोक आणून देतात, सह्या मागतात, भेट ठेवून जातात. आत्या संध्याकाळपर्यंत ती कुणाला तरी देऊन टाकते. कधी दूधवाल्याला, कधी बसच्या कंडक्टरला. रघू म्हणतो, तिला दादाची आठवण सहन होत नाही. मला ते पटायचं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

*

गेल्या उन्हाळ्यात मी शेवटी कंटाळले. तमिळ अक्षरं शिकायचा तिसरा प्रयत्नही बसच्या पाट्यांपाशी संपला होता. मी आत्याला म्हटलं, मला ती गोष्ट मराठीत सांगा. ती आधी नको म्हणाली. तिसऱ्या दिवशी शेंगा सोलता सोलता म्हणाली, "सरी, लिहून घे गे." सरी म्हणजे बरं.

मग दर शनिवार-रविवारी आम्ही मागच्या ओट्यावर बसायचो. ती सांगायची, मी वहीत लिहायचे. तिचं जुनं मराठी, मध्येच तमिळ शब्द. मी एखादं वाक्य गाळलं तर तिला न बघता कळायचं. "तें पुन्हा घाल," म्हणायची. चार महिन्यांत तीन वह्या भरल्या. शेवटचं प्रकरण सांगताना मात्र ती भराभर बोलली, मला हात दुखेस्तोवर लिहावं लागलं. झाल्यावर सूप उचलून आत गेली.

परवाच्या रविवारी सुजाता नावाची एक मुलगी आली. मूळची नागपूरची, तिरुचीला शिकवते, दोन्ही भाषा वाचते. मी हौसेनं तिला वह्या दाखवल्या. ती ओसरीवर बसली, एका मांडीवर पुस्तक, दुसऱ्या मांडीवर माझी वही, दोन्हीकडे एकेक बोट. तासाभरानं तिनं मला हाक मारली.

म्हणाली, हा गोषवारा नाहीये, ओळीला ओळ आहे. स्वल्पविरामसुद्धा जुळतायत. घरात पुस्तक नाही म्हणता ना?

मी म्हटलं, आत्याची स्मरणशक्ती दांडगी आहे.

"फक्त शेवट चुकलाय," सुजाता म्हणाली. "तुमच्या वहीत पंकजम गाडीत चढते. खिडकीशी बसते, गाठोडं मांडीवर घेते, गाडी पुलावरून जाते. पुस्तकात ती फलाटावरून परत येते. वयामुळे होतं असं. नीट करून घ्या."

लिहून घेताना मलाही ते खटकलं होतं, पण आत्याच्या त्या भराभर बोलण्यात तोंड घालायची हिंमत झाली नव्हती. आता मी वही घेऊन आत गेले. बाहेर कुणीतरी काकांच्या फोटोला नवा हार घालत होतं, मोबाइलवर चित्रण चाललं होतं. आत्या चुलीपाशी पीठ भाजत होती. मी म्हटलं, आत्या, शेवट चुकलाय. अख्ख्या तमिळनाडूला माहीत आहे, पंकजम गाडीत बसत नाही, ती घरी परत येते.

आत्यानं उलथनं थांबवलं नाही. पीठ जळू नये म्हणून तिची नजर कढईतच होती.

"मी तिला गाडींत बसवलें होतें गे," ती म्हणाली. "दादानं उतरवून घरी आणली."