सामायिक स्मृती आणि कुळागरातल्या विहिरी

डिचोलीच्या आमच्या कचेरीत त्या वर्षी दोन नव्या गोष्टी आल्या: एक संगणक आणि एक निरीक्षक. संगणकासाठी नारळ फुटला, समई लागली, साहेबांचे भाषण झाले आणि झेंडूचा हार नेमका त्याच्या हवेच्या जाळीवर चढवला गेला. यंत्र तापून बंद पडले तेव्हा हार उतरला. निरीक्षक पेडण्याची मुलगी. ती स्कूटरवरून आली, करारावर सही केली आणि कामाला लागली.

बंद खाणीच्या खड्ड्यात साठलेले पाणी आसपासच्या कुळागरांतल्या, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागांतल्या, विहिरी किती भरेल, हे माझा प्रोग्राम हिशेबाने सांगायचा. ती विहिरीत टेप सोडून खरी पातळी मोजायची. आदल्या वर्षी जुन्या यंत्रावरचा हिशेब आणि आधीच्या निरीक्षकाची मोजणी जुळली होती. यंदा तिचे आकडे हिशेबापेक्षा हातभर वर निघाले. यंत्र एवढ्या थाटात आलेले, त्याच्यावर संशय घ्यायचे माझ्या मनातही आले नाही. ‘नोंदी विश्वासार्ह नाहीत’ असे मी साहेबांना चिठ्ठीत लिहून दिले. तिचा करार महिनाअखेर संपत होता आणि या ओळीनंतर तो वाढणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली.

“सर, गेल्या वर्षीचे आकडे नव्या यंत्रावर घालून बघितलेत?”

“नाही.”

“बघा मग. मी चाय पिऊन येतंय.”

बघितले. तेही हातभर चुकले.

माझा प्रोग्राम समांतर चालतो. प्रदेशाच्या पट्ट्या पाडायच्या, प्रत्येक पट्टी एकेका प्रक्रियेकडे द्यायची. एका यंत्रावरच्या प्रक्रियांना स्मृतीचा सामायिक तुकडा मिळतो, त्याला विंडो म्हणतात. त्यात शेजारणीच्या, म्हणजे बाजूच्या प्रक्रियेच्या, पट्टीच्या कडेचे पाणी थेट वाचता येते. स्मृतीत एकीची पट्टी संपली की लगेच शेजारणीची सुरू होते, असे मी धरून चाललो होतो. मात्र विंडो उघडताना मीच वेग वाढावा म्हणून एक सूचना दिली होती: पट्ट्या सलग नसल्या तरी चालतील. अशा सूचना मानायच्या की नाही, हे यंत्रावरच्या प्रणालीच्या मर्जीवर असते. म्हणून प्रत्यक्षात काय लागू आहे ते विंडोलाच विचारायची सोय असते. सहा वर्षांत मी एकदाही विचारले नव्हते.

आता दोन्ही यंत्रांवर विचारले. जुन्याच्या उत्तरात माझ्या सूचनेचा मागमूस नव्हता. नव्या यंत्राने ती पाळल्याचे कळवले. म्हणजे त्याने पट्ट्यांमध्ये मोकळी जागा सोडली होती आणि तिथली शून्ये मी पाण्याची पातळी म्हणून वाचत होतो. शेजारणीची पट्टी खरोखर कुठे सुरू होते, तेही विंडो सांगते. ते विचारून घेतल्यावर दोन्ही वर्षांचे आकडे जुळले.

ती परत आल्यावर मी हे सगळे सांगितले.

“म्हणजे देवाला गाऱ्हाणं घातलंत, पण त्याचा कौल घेतलाच नाहीत.”

“तसंच.”

“आमच्या देवळात गुरव उभा करत नाय अशा माणसाक.”

साहेबांना मी तोंडी सांगितले. त्यांनी यंत्राबद्दल विचारले. यंत्र सांगितल्याप्रमाणेच वागले, हे ऐकून ते निश्चिंत झाले. “मग ही तुमची चिठ्ठी घ्या, फाडून टाका. उगाच कागद वाढवू नका.”

मी बाहेर येऊन तिला ही आनंदाची बातमी दिली.

“फाडू नका,” ती म्हणाली. “साहेबांनी ती वाचलीय. बाहेर चारजणांना सांगितलीय. फाडल्यावर माझ्याकडे काय राहणार?”

मग मी दुसरी चिठ्ठी लिहिली: नोंदी बरोबर होत्या, प्रोग्राम चुकला, प्रोग्राम मी लिहिला आहे. तिने ती दोनदा वाचली, पहिलीच्या खाली टाचली आणि साहेबांच्या खोलीत स्वतः नेऊन दिली. करार वर्षभरासाठी वाढला. साहेबांनी मला महिनाभर चहाला बोलावले नाही, त्यात माझे फारसे काही गेले नाही.

पुढच्या मोजणीला तिने मला कारापूरच्या एका विहिरीवर बरोबर नेले. टेप तिने सोडली, आकडा मला वाचायला लावला, मग स्वतः वाचला. वहीत दोन्ही लिहून तिने मला सही करायला सांगितली.

“कुठे?” मी विचारले.

“तुमच्या आकड्याखाली,” ती म्हणाली.