कबुतरवाल्या मामांविरुद्ध छापलेलं पत्रक

अन्याय झाला तो कसबा बावड्यातल्या एका निवृत्त साखर कामगारावर. कधी, तर यंदा दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेनऊला, पक्ष्यांच्या बाजाराच्या तोंडाशी. करणारा मी.

आधी माझी बाजू ऐका. कबुतरं पाळणाऱ्या शौकिनांसाठी मी एक पुस्तिका लिहिली, स्वतः छापली आणि स्वतःच विकायला उभा राहिलो. ढाबळ, म्हणजे कबुतरांचं खुराडं, कशी बांधायची, पिल्लं पहिल्यांदा कधी उडवायची, पर झडताना काय खायला घालायचं. कॉलेजपासून मोर्च्यांची पत्रकं लिहीत आलोय, त्यामुळं हेही त्याच थाटात उतरलं. एका प्रकरणाचं नाव होतं ‘ओली ढाबळ खपवून घेणार नाही’. लोक उचलायचे, चाळायचे, बहुतेक जण हसून परत ठेवायचे.

दहा पावलांवर ते साखर कामगार बसायचे. सगळा बाजार त्यांना मामा म्हणतो. त्यांची पुस्तिका आठ पानांची, झेरॉक्स काढलेली, पिना तिरक्या, मुखपृष्ठाचा पत्ता नाही. तरी गर्दी तिथंच. आणि मामा अशी हातात द्यायचेच नाहीत. आधी घर कुठं ते विचारायचे. संध्याकाळी त्या माणसाच्या गच्चीवर चढायचे, ढाबळीत हात घालून ओल बघायचे, वारा कुठनं येतो बघायचे, आणि मग त्याच्या प्रतीच्या समासात पेन्सिलीनं लिहून द्यायचे, तुमचं दार पश्चिमेला आहे, पावसाआधी फिरवा. प्रत्येकाची प्रत वेगळी. माझ्या अंगाची आग व्हायची. मी एवढं मुद्देसूद लिहिलेलं, आणि जग पेन्सिलीच्या मागं.

मग शाहूपुरीतल्या एका मित्रानं मामांकडून घेतलेल्या त्याच्या प्रतीचा फोटो पाठवला. खाली एवढंच, ‘बघ लेका’. समासात माझं वाक्य होतं, शब्दाला शब्द: ‘पाणी सकाळ-संध्याकाळ बदला, ही विनंती नाही, मागणी आहे.’ फोटोत तेवढीच ओळ मावली होती. मला तेवढी पुरली. वाईट वाटलं नाही, खरं सांगतो. आनंद झाला.

रविवारी पत्रक वाटलं. मथळा, ‘शौकिनांनो, चोर ओळखा’, खाली तो फोटो, ‘माझ्या मित्राच्या प्रतीतून’ असं लिहून. तासाभरात एकानं मामांची पुस्तिका त्यांच्याच पुढ्यात टाकली. त्यांनी ती झटकून पिशवीत ठेवली आणि माझं पत्रक हातात घेऊन माझ्याकडं आले.

“वाचलं, पावणं. अक्षरं मोठी हायत, चष्मा लागला न्हाय.”

मी म्हटलं, उत्तर द्या.

“तुमच्या दोस्ताकडं जावा की. आख्खं पान वाचा.”

दुपारी गेलो. त्या ओळीखाली त्याच पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘हे बाजारातल्या त्या पलीकडच्या पोराच्या पुस्तिकेतलं. पोरगं वरडतंय लई, पण खरं सांगतंय. ती पण घ्या.’ मित्र म्हणाला, त्याच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या प्रतींत हे आहे. आम्ही तुझी पुस्तिका घेतली ती त्यामुळंच, तुला वाटलं काय?

लाज वाटली, पण नंतर. आधी हेवाच वाटला. लोक त्यांचे, गच्च्या त्यांच्या, वर हे मोठं मनही त्यांच्याचकडं?

पुढच्या रविवारी भर बाजारात माफी मागितली. मामा म्हणाले, ऱ्हाऊ दे. पण लोक राहू देत नाहीत. छापून आलंय म्हणजे काहीतरी असणारच, असं म्हणतात. मामा अजून येऊन बसतात, पुस्तिका मांडतात. त्यांना घर कुठं ते कुणी सांगत नाही. त्यांच्या जागेवरची गर्दी आता माझ्याकडं आहे, आणि तिच्यातला एकही माणूस मला गच्चीवर चला म्हणत नाही.

तेव्हा, त्या रविवारी माझं पत्रक घेतलेल्या प्रत्येकाला सांगतो. ते खोटं होतं. फाडून गप्प बसू नका. मामांपुढं जाऊन उभं राहा, घराचा पत्ता सांगा, आणि याच आठवड्यात त्यांना तुमच्या ढाबळीपर्यंत घेऊन जा.