चुकून पुसलं तर

गावात कोणाला ‘बाहेरचं’ झालं म्हटलं की मी आधी दवाखान्यात न्या म्हणणारी बाई. अंगात आलेल्या बाईसमोर सगळे हात जोडतात, मी मागे उभी राहते. त्यामुळे हे मी कोणाला सांगितलं तर तेच म्हणतील, आता हिलाच दवाखान्यात न्या... म्हणून सांगत नाही. नुसतं लिहून ठेवते.

आमचं घर मुकुटबनच्या बाजूला. घरात आम्ही दोघंच. मुलगी शुभांगी पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मराठी शाळेत शिकलेली, म्हणून सुरुवातीला तिनं कामाची एक वही केली होती. निळ्या पुठ्ठ्याची. वर मराठीत लिहायची — ‘पोर्ट अडकला तर’, ‘फाइलीतला शब्द शोधायला’, ‘मागची कमांड परत आणायला’ — आणि खाली इंग्रजीत एकच ओळ, मध्ये बारीक आडव्या रेघा, टिंबं, उभे दांडे. नवीन वही झाल्यावर ही तिनं घरी आणून ठेवली. कपाट झाडताना मी ती उघडायची. मराठीतलं तेवढं वाचायची.

एकदा ती आली असताना मी विचारलं, “शुभा, ह्या आडव्या रेघा कायच्या व?”

ती हसली. “तू चौथी पास, तुले नाही समजणार व आई.”

हेही हसले. म्हणाले, “तुही माय आता पुण्याले नोकरी करते वाटते!”

मीही हसले. पण ते बोलणं मनात राहिलं.

कापूस वेचणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला. सोमवारी सकाळी पाणी तापवायला चूल पेटवायची, तर पऱ्हाट्या, कापसाच्या वाळक्या काड्या, ओल्या. पेटेनात. कागद पाहिजे होता. जुने पेपर खिडकीत होते. मी घरात गेले आणि कपाटावरची वही घेऊन आले.

हे मी मुद्दाम नीट लिहिते आहे. पेपर खिडकीत होते.

एकेक पान फाडून चुलीत घातलं. शेवटी एक पान राहिलं. त्यावर लिहिलं होतं, ‘चुकून पुसलं तर’. खाली पाच-सहा लांब ओळी. मी वाचलं आणि तेही पेटवलं. ते एकदम भडकलं आणि माझ्या उजव्या अंगठ्याला चटका बसला. टरारून फोड आला. त्यावर हळद-तूप लावलं. पुठ्ठाही जाळला. राख उकिरड्यावर टाकली.

गुरुवारी हे कापूस घेऊन वणीला गेले होते. दुपारी बारा-सव्वाबाराला शुभांगीचा फोन आला. आवाज रडका.

“आई, माही निळी वही हाय ना?”

“हाय ना,” मी म्हटलं. तोंडातून तेच निघालं.

“त्याच्यात ‘चुकून पुसलं तर’ असं एक पान हाय. त्याचा फोटो पाठव. माह्या हातून सगळ्यायचं काम पुसल्या गेलं व आई... वीस जणायचं. दोन वाजता मीटिंग हाय. काढून टाकतीन मले.”

“तुह्या त्या नेटवर नाही भेटत का?”

“तिथं हाय, पण आमच्या मशीनचं नाही. कोणतं फोल्डर आधी, कोणतं मागून... ज्यानं लिहून देलं तो सोडून गेला. एक अक्षर चुकलं तर राह्यलेलंबी जाईन.”

“मले फोटो पाठवता येते का?”

“कोणाले तरी बलाव ना आई! पाय पडतो तुह्या.”

फोन ठेवला. मी कपाटावर हात फिरवला, पेटीतले कपडे उपसले. वही नाही हे मला माहीत असताना शोधत होते. मग उकिरड्यावर गेले. पावसानं राखेचा चिखल झाला होता. त्यातही हात घातला. पोरीनं एवढ्या मेहनतीनं मिळवलेलं मी एका हसण्यापायी जाळलं... आता फोन करून खरं सांगायचं, असं ठरवून हात धुतले आणि घरात आले. फोन फळीवर चार्जिंगला होता, तसाच. उचलणार तर वाजला.

“आई, भेटलं! सगळं परत आलं! तुले जमलं व आई, कोणं शिकवलं?”

मी चार्जरची वायर ओढून काढली.

“अन् अंगठ्याले काय झालं? केवढा फोड हाय!”

मी अंगठ्याकडे पाहिलं.

“तव्याचा चटका,” मी म्हटलं.

संक्रांतीला ती आली तेव्हा तिच्या मोबाइलवर फोटो पाहिला. माझ्याच नंबरवरून गेलेला. तेच पान, सगळं शाबूत, आमच्या ओट्यावर ठेवलेलं. एका कोपऱ्यावर माझा अंगठा. अंगठ्यावर फोड, फोडावर हळद.

तो फोड ते पान जाळताना आला होता. म्हणजे फोड होता तेव्हा पान नव्हतं. पान होतं तेव्हा फोड नव्हता.

माझ्या मोबाइलमध्ये तो फोटो नाही. हे म्हणाले, “काढला असशीन, हात लागून मिटला असंन.” शुभांगी तर ऑफिसात सांगत फिरली, माह्या आईनं वाचवलं. त्या संक्रांतीला तिनं मला जवळ बसवून आडव्या रेघा समजावल्या. त्या रेघेनंतर कॉम्प्युटरला सांगतात म्हणे, काम कशा पद्धतीनं कर. मला समजलं. ती म्हणाली, “मी उगाच हसलो व तुले.” तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं.

आता ती पुढच्या रविवारी येते आहे. निळी वही सोबत नेते म्हणाली, नव्या पोरींना दाखवायला. काढून ठेव, म्हणाली. मी हो म्हटलं.

अंगठ्यावरचा डाग केव्हाच गेला. तो फोटो कोणी काढला, कसा गेला, मला आजही माहीत नाही. पेपर खिडकीत होते, हे मात्र मला माहीत आहे. रविवारी ती आली की आधी तेच सांगेन.