उजव्या चाकाचा झुकाव

आप्पांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होते. आप्पा म्हणजे माझे वडील. ते एरवी फोनवर आधी जेवलीस का विचारतात, मग पाऊस-पाण्याचं सांगतात. त्या दिवशी ते फक्त म्हणाले, "बाय, घरी ये." मी विचारलं, "दादा?" मागे काकीचं रडणं ऐकू येत होतं... भरतदादा, माझा चुलत भाऊ, काविळीने गेला. चाळिशीही गाठली नव्हती. त्याला महिना होऊन गेला. मला लेख वगैरे लिहिता येत नाही. पण त्याच्याबद्दल एक गोष्ट माझ्या मनात अडकून राहिली आहे, ती कुठेतरी सांगायला हवी, म्हणून लिहिते आहे.

पोलादपूरच्या थोडं अलीकडे, हायवेला लागून दादाचं गॅरेज होतं. कशेडी घाट उतरून आलेले ट्रक, गणपतीला मुंबईहून आलेल्या गाड्या, आसपासच्या वाड्यांच्या जीपा, सगळं तिथे थांबायचं. दादा दहावी नापास झाल्यावर मुंबईला गेला होता आणि तिथल्या एका गॅरेजात बारा वर्षं होता. हौशी लोकांच्या गाड्या खाली बसवायच्या, म्हणजे रस्त्यापासूनची उंची कमी करायची, रुंद टायर घालायचे, असली कामं तिथे चालत. गावी परतल्यावर त्याने एक जुनी छोटी गाडी घेतली आणि तिच्या स्प्रिंगा बदलून तीही तशीच खाली बसवली. आमच्या रस्त्यांवर असली गाडी म्हणजे हसण्याचाच विषय. समोरच्या चहावाल्या तात्यांना तर रोजचं खाद्य मिळालं.

"भरत, तिला पाट तरी दे रे! भुईवरच बसलीय बिचारी!"

"जेवल्याबिगर उठायची नाय ती, तात्या!" दादा गाडीखालून ओरडायचा.

गाडी खाली बसवली की चाकं सरळ उभी राहत नाहीत. समोरून पाहिलं तर चाकाचा माथा आत कललेला दिसतो. या कलण्याला कॅम्बर म्हणतात. तो जास्त झाला तर टायर एकाच बाजूने झिजतो. तो ताळ्यावर आणायला शहरात मशीन असतं. दादाकडे गवंड्याचा ओळंबा होता. पाण्याची नळी लावून त्याने गॅरेजची जमीन एका पातळीत करून घेतली होती. तो ओळंब्याची दोरी चाकाशेजारी सोडायचा, रिंगच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीचं अंतर पट्टीने मोजायचा, आणि चाक धरून ठेवणारा वरचा बोल्ट सैल करून माथा केसभर आत-बाहेर सरकवायचा. मला वाटायचं, हा माणूस चाकाला सरळ बसायला शिकवतो आहे.

माझ्या अॅडमिशनला आम्ही त्याच गाडीतून गेलो. दादा, आई, आप्पा, मी, माझी ट्रंक आणि मेसवर विश्वास नाही म्हणून आईने घेतलेले तांदूळ. एवढ्या ओझ्याने गाडी रस्त्याला टेकायचीच बाकी होती. प्रत्येक स्पीडब्रेकरला दादा थांबायचा, आम्ही सगळे उतरायचो, गाडी रिकामी पलीकडे जायची, मग आम्ही चालत जाऊन पुन्हा बसायचो. कॉलेजच्या गेटमध्येही तसंच. वॉचमन हसला. मुलं बघत होती. मला इतकी लाज वाटली की मी दादाला म्हटलं, "तू आत नको येऊस, मी जाते." तो म्हणाला, "जा की. इंजिनेर तू हायस, मी कशाला?" आमच्या घरातून कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिलीच. त्या दिवसापासून गावात कुणालाही काही अडलं की माझं नाव निघायचं. मोबाईल बिघडला, विचारा बायला. सरकारी कागद आला, विचारा बायला. आणि मी कधीच म्हणत नसे की मला माहीत नाही. ते म्हणायची मला भीती वाटायची... सगळ्यांनी मिळून मला पाठवलं होतं ना.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी गॅरेजात बसले होते. दादा चाकाशी उकिडवा बसून म्हणाला, "बाय, पुस्तकात काय लिवलंय गो? कॅम्बर किती ठेवायचा?" आम्हाला तोवर सस्पेन्शन शिकवलंच नव्हतं. मी कुठल्यातरी शर्यतीच्या गाडीबद्दल मोबाईलवर वाचलं होतं, तेच सांगितलं. "एक डिग्री आत." त्याने विचारलं, "पट्टीवर किती?" तेवढं गणित मला येत होतं. ते करून मी सहा मिलिमीटर सांगितलं. त्याने पट्टीवर सहाच्या रेघेवर नख टेकवलं. मग म्हणाला, "आनि मोजताना गाडी मोकळी ठेवायची, का मानसं बसवून? मी आपला बसवून करतो. मानसं बसली का चाक आजून आत जातं."

मी म्हटलं, "मोकळीच ठेवायची. कंपनीत मोकळीच ठेवतात."

मी ते इतक्या ठामपणे म्हटलं की माझं मलाच खरं वाटलं. दादाने हातातल्या पान्याकडे पाहिलं. वीस वर्षं हे काम करणारा माणूस. "तसं तर तसं," म्हणाला, आणि माझ्या आकड्यावर पुढची दोन्ही चाकं बांधली. तात्यांनाही ओरडून सांगितलं, "इंजिनेरच्या हिशेबाने बांधलीय आता!"

दिवाळीला घरी आले तेव्हा गॅरेजच्या भिंतीला दोन टायर उभे होते. आतल्या कडेला नक्षी पार गेलेली, एका जागी तारा बाहेर आलेल्या. बाहेरची बाजू मात्र जवळजवळ नवी. मला लगेच कळलं. आमच्याकडे गाडी मोकळी असते कधी? पाच माणसं, वर तांदूळ, नारळ. मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "पुस्तक बरोबर असंल गो. आपला रस्ताच येगळा. चल, आज पाना तू धर."

त्याने सगळ्यांना गाडीत बसवलं. वहिनी शेजारी, मागे काकी आणि तांदळाचं पोतं, आणि ड्रायव्हरच्या जागी तो स्वतः. मी ओळंबा धरून मोजायची, सगळे उतरायचे, गाडी जॅकवर घेऊन मी बोल्ट सैल करायची, माथा सरकवायची, पुन्हा आवळायची, गाडी खाली घेऊन थोडी पुढे-मागे ढकलायची, आणि पुन्हा सगळे आत. चौथ्या वेळी काकी चिडली. "चढा नि उतरा, चढा नि उतरा! यष्टी झाली काय रे ही?" दादा म्हणाला, "यष्टीत एवढी बसायला जागा गावते का तुला?" वहिनी इतकी हसली की तिच्या हसण्याने दोरी हलू लागली आणि मला थांबावं लागलं. शेवटी दोन्ही चाकं दोरीशी समांतर आली. मी खिडकीशी वाकून "झालं" म्हटलं. दादाचा चेहरा माझ्यापासून हातभर लांब होता. तेव्हा सांगता आलं असतं... की दादा, पुस्तकात काय लिहिलंय ते मला माहीतच नव्हतं. मी अंदाज सांगितला होता. पण तो इतका खूश होता. मी म्हटलं, नंतर सांगू.

पुढच्या वर्षी तो आजारी पडला. महाडच्या दवाखान्यात मी त्याला शेवटचं भेटले. डोळे हळदीसारखे झाले होते. त्याने विचारलं, "पेपर कसे गेले?" मी म्हटलं, "चांगले गेले." तो म्हणाला, "जानारच." मग नर्स आली. तेवढंच.

तेरावं झाल्यावर पुन्हा घरी गेले तेव्हा वहिनी म्हणाली, "बाय, गाडीची चाकं बघ गो. मला चालवायला शिकायचीय. गॅरेज भाड्याने देऊ, पन गाडी नाय इकायची." मी ओळंबा काढला. डावं चाक जवळजवळ बरोबर होतं. उजव्याचा माथा मात्र बाहेर कलला होता, थोडासाच, दोन-तीन मिलिमीटर. मला वाटलं, बोल्ट सुटला असेल. पाना लावून पाहिला, तर बोल्ट घट्ट होता. मी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. मग मी मोकळ्या ड्रायव्हर सीटकडे पाहिलं आणि मला समजलं. दादा अंगाने दांडगा होता, डावीकडे बसलेली वहिनी हलकी. ते चाक मी तो आत बसलेला असताना बांधलं होतं. तो बसला की ते सरळ होणार होतं.

मी तिथेच जमिनीवर बसले. वहिनी घाबरून जवळ आली. मी तिला सगळं सांगितलं, चाकाचंही आणि त्या आकड्याचंही. तिने मला हाताला धरून उठवलं. मग म्हणाली, "ते टायर भादव्यातच गेल्ते. तेच म्हनले, बायला फोनवर सांगू नका, परीक्षा हाय तिची." मी अंदाज सांगितला होता हे त्याला कळलं होतं का, हे मी तिला विचारलं. "ते काय मला ठावं नाय," वहिनी म्हणाली. मलाही ते आता कधीच कळणार नाही.

मग तिने विचारलं, "आता माझ्या वजनाने बांधायला लागंल ना?"

"हो."

"नाय बांधलं तर काय व्हतं?"

"टायर बाहेरच्या कडेने झिजेल. हळूहळू."

"किती दिवस चालंल?"

मी म्हटलं, "मला नक्की माहीत नाही, वहिनी."

ती चाकाशी बसली, टायरच्या कडेवरून तिने हात फिरवला. "मंग हा टायर जाईस्तोवर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "नवा घालू तवा मी बसंन आत."

मी पाना पुसून खिळ्याला टांगला. आता दर शनिवारी घरी गेले की आधी त्या चाकाशी वाकते आणि बाहेरच्या कडेवर अंगठा ठेवून बघते. नक्षी अजून हाताला लागते.